पास झालेल्या बोर्डांतला वेगळा बोर्ड: टेस्ट डेटामधली विसंगती शोधायला सुरुवात कशी करावी

टेस्टरवरून, म्हणजे बोर्ड तपासणाऱ्या यंत्रावरून, दहा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड उतरले. त्यांचा स्टँडबाय करंट, म्हणजे काम नसताना नुसता चालू बोर्ड ओढतो तो करंट, मिलीॲम्पिअरमध्ये असा आला: 42.1, 41.8, 42.3, 42.0, 41.9, 42.2, 42.1, 41.7, 42.0 आणि 47.6. लिमिट होतं 35 ते 50. दहाच्या दहा पास, दहाच्या दहा पॅकिंगला.

शेवटचा बोर्ड नियमाने पासच आहे. पण एका रीलमधले पार्ट, एकच सोल्डर पेस्ट, एकाच दिवशी एकाच ओव्हनमधून बाहेर पडलेली ही दहा भावंडं. नऊजणं साधारण अर्ध्या मिलीॲम्पिअरच्या टापूत दाटीवाटीने बसली आहेत आणि दहावं साडेपाच मिलीॲम्पिअर लांब जाऊन बसलंय. डिझाइन करणाऱ्याने सगळ्या पार्टांचे टॉलरन्स, म्हणजे त्यांच्या मापात चालणारे फरक, धरून लिमिट ऐसपैस ठेवलेलं असतं, त्यामुळे या दहाव्याला ते अडवत नाही. त्याला अडवायचं असेल तर त्याची तुलना लिमिटशी नाही, त्याच्या भावंडांशी करावी लागते. हा लेख त्या तुलनेबद्दल आहे.

अंधेरीच्या एमआयडीसीत टेस्टिंगला लागले तेव्हा मलाही हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात ग्राहकांकडून काही बोर्ड परत आले. त्यांचे सीरियल नंबर घेऊन मी जुन्या फाइली उघडल्या, तर त्यातल्या कितीतरी बोर्डांचे आकडे टेस्टच्या दिवशीच घोळक्याबाहेर पडलेले होते. आकडा आमच्याच कॉम्प्युटरवर, आमच्याच फोल्डरमध्ये होता. त्याच्याशेजारी हिरव्या अक्षरात ‘पास’ लिहिलं होतं, म्हणून तो कोणी वाचला नाही. त्याची हळहळ मला आजही वाटते, आणि सीप्झमध्ये, महापेला, रबाळ्याला नव्याने टेस्टिंगला लागलेल्या मुलामुलींनी हे पहिल्या महिन्यातच शिकावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला एक्सेल किंवा फुकटचं लिब्रेऑफिस पुरतं. पायथॉन येत असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

पायरी 1: आकडा जन्माला येताना पाहा

फाइल उघडण्याआधी एक अख्खी शिफ्ट टेस्टरपाशी उभे राहा. बोर्ड जिगमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या साच्यात, कसा बसतो, पोगो पिन (स्प्रिंगवरच्या पिना) कुठे टेकतात, बोर्ड फेल झाला की ऑपरेटर काय करतात, हे बघा. बहुतेक ठिकाणी फेल बोर्ड उचलून, दाबून बसवून परत टेस्ट करतात आणि बऱ्याच टेस्टरचं सॉफ्टवेअर फक्त शेवटचं रीडिंग ठेवतं. म्हणजे तिसऱ्या खेपेला कसाबसा पास झालेला आणि पहिल्या फटक्यात पास झालेला बोर्ड फाइलमध्ये सारखेच दिसतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या मागे लागा आणि प्रत्येक खेपेचं रीडिंग साठवून घ्या.

दुसरी गोष्ट, काही टेस्टर नुसतं पास-फेल लिहितात, आकडा लिहीतच नाहीत. तिथे डेटामधून काही शोधणं सुरूच होऊ शकत नाही. आकडा मिळवण्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा.

तिसरी जरा आडवळणाची. पहिल्या फेलला टेस्ट थांबवायची सोय असते, वेळ वाचतो म्हणून. मग त्या बोर्डाची पुढची सगळी मापं रिकामी राहतात. शेवटच्या टेस्टच्या स्तंभात फक्त आधीच्या सगळ्या टेस्ट पास केलेले गुणी बोर्ड उरतात, आणि तो स्तंभ आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. निदान रोजच्या काही बोर्डांवर तरी टेस्ट शेवटपर्यंत चालू द्या.

प्रत्येक आकड्यासोबत हे हवंच: सीरियल नंबर, टेस्टचं नाव, एकक, दोन्ही लिमिट, तारीख-वेळ, टेस्टर, जिग आणि त्यातला स्लॉट, सॉफ्टवेअरची आवृत्ती, पार्टांचा लॉट. लॉट सगळ्यात जास्त सुटतो. घाईत लॅमिंग्टन रोडच्या पार्टबाजारातून कट टेप (रीलचा कापलेला तुकडा) आणून काम भागवलं की त्या दिवशीचा लॉट कोणीच टिपून ठेवत नाही, आणि दोन महिन्यांनी नेमका तोच दिवस शोधायची वेळ येते.

पायरी 2: साफसफाई, पण फेकाफेकी नको

मीटरची रेंज ओलांडली की बरेच मीटर 9.9ई+37 असा अवाढव्य आकडा पाठवतात. ते माप नाही, ‘मला मोजता आलं नाही’ असा निरोप आहे. असा एक आकडा सरासरीत शिरला की सगळ्या स्तंभाची वाट लागते. तो हटवा, पण शेजारच्या स्तंभात ‘रेंजबाहेर’ अशी खूण ठेवा, कारण मोजता न येणं हीसुद्धा माहितीच आहे. ॲम्पिअर आणि मिलीॲम्पिअरची सरमिसळ, दोनदा आलेले सीरियल नंबर, जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या जिगवर चाललेली टेस्ट, हे सगळं इथेच निपटा. मूळ फाइलला मात्र हात लावू नका, काम नेहमी प्रतीवर करा.

पायरी 3: आधी चित्र काढा

प्रत्येक महत्त्वाच्या टेस्टची दोन चित्रं काढा. पहिलं हिस्टोग्राम: कोणता आकडा किती वेळा आला. दुसरं वेळेच्या क्रमाने: सकाळपासून संध्याकाळपर्यंत आकडा कसा चालला.

हिस्टोग्रामला एक टेकडी दिसायला हवी. दोन टेकड्या दिसल्या तर विसंगती शोधायला धावू नका. तिथे दोन वेगळे गट एकत्र आलेत: दोन लॉट, दोन जिग किंवा मध्येच बदललेलं सॉफ्टवेअर. ते वेगळे करा आणि प्रत्येकाचं चित्र परत काढा.

दुसऱ्या चित्राने मला एकदा फार मोठा धडा दिला. एका व्होल्टेजच्या टेस्टमध्ये दर आठवड्याला काही बोर्ड वेगळे पडायचे. मी पार्टांवर संशय घेतला, लॉट तपासले, काहीच हाती लागेना. मग वेळेच्या क्रमाने ठिपके मांडले आणि दिसलं की सगळे सोमवारचे, सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासातले. रविवारी एसी बंद, मीटर बंद. सोमवारी आल्या आल्या स्विच दाबून लगेच टेस्ट सुरू. मीटरच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं की चालू केल्यावर 30 मिनिटं, काही मीटरना 1 तास, गरम होऊ द्या, त्यानंतरच दिलेली अचूकता मिळेल. बोर्ड बिचारे चांगले होते. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाने सोमवारी मीटर आधी चालू करून मग चहाला जायचं, एवढ्याने प्रश्न सुटला.

पायरी 4: मोजमाप स्वतः किती डोलतंय?

एक खात्रीचा चांगला बोर्ड घ्या. आमच्याकडे त्याला गोल्डन बोर्ड म्हणतात. तो जिगमधून न काढता 30 वेळा मोजा. मग दर वेळी काढून, परत बसवून 30 वेळा मोजा. पहिल्यात आकडे चिकटून आले आणि दुसऱ्यात पसरले तर दोष पिनांच्या टेकण्यात आहे. मोजमापाचा हा डोल टॉलरन्सच्या, इथे दोन लिमिटमधल्या अंतराच्या, 10 टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, 30 टक्क्यांच्या वर गेला तर ते मोजमाप भरवशाचं नाही, असा उद्योगातला रूढ संकेत आहे. जी टेस्ट स्वतःच एवढी डोलते, तिच्या डेटात बोर्डाचे दोष शोधू नका. आधी जिग दुरुस्त करा.

पायरी 5: सरासरी नको, मध्यक घ्या

आता वरच्या दहा बोर्डांकडे परत या. कॉलेजात शिकलेलो असतो की सरासरी काढा, प्रमाण विचलन (तेच सिग्मा) काढा, सरासरीपासून तीन सिग्माच्या बाहेरचं ते वेगळं. करून बघा. सरासरी येते 42.57, प्रमाण विचलन 1.78. तीन सिग्माची वरची हद्द 47.9. आपला 47.6 हद्दीच्या आत! डोळ्यांना धडधडीत दिसतं ते सूत्राला दिसत नाही.

कारण त्या वेगळ्या बोर्डाने सरासरी स्वतःकडे ओढली आणि प्रमाण विचलन फुगवलं. चोरालाच पंचनाम्याला बसवल्यासारखं झालं. हा गणिताचाच घाट आहे: दहा मापांच्या गटात एखादा आकडा कितीही लांब गेला तरी तो स्वतः धरून काढलेल्या विचलनाच्या 2.85 पटीपलीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे दहाच्या लॉटवर तीन सिग्मा लावला तर एकही बोर्ड कधीच पकडला जाणार नाही. एक्सेलमध्ये शेवटच्या बोर्डाला 47.6 ऐवजी 4,760 लिहून बघा, तरी तो सुटतो. हा प्रयोग स्वतः केल्याशिवाय पुढे जाऊ नका, विश्वास बसत नाही.

म्हणून दहावीच्या पुस्तकातला मध्यक बाहेर काढा. आकडे चढत्या क्रमाने लावले की मधले दोन 42.0 आणि 42.1, म्हणून मध्यक 42.05. आता प्रत्येक बोर्ड मध्यकापासून किती लांब ते लिहा आणि त्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढा. तो येतो 0.15. याला 1.4826 ने गुणलं की 0.222 मिळतं; आदर्श आकाराच्या टेकडीत या गुणाकाराने तो नेहमीच्या सिग्माच्या मापात येतो. ही वेगळ्या बोर्डाने न फुगणारी सिग्मा. आपला बोर्ड मध्यकापासून 5.55 लांब आहे, म्हणजे 25 सिग्मा. आता पळून जायला वाट नाही.

मोटारगाड्यांसाठी चिप बनवणारे याच विचाराने चालतात. त्यांच्या पार्ट ॲव्हरेज टेस्टिंग या पद्धतीत मध्यक घेतात, पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकातल्या (चढत्या क्रमातल्या पाव आणि पाऊण वाटेवरच्या आकड्यांतल्या) फरकाला 1.35 ने भागून सिग्मा काढतात आणि सहा सिग्माच्या बाहेरचा पार्ट, लिमिटमध्ये असला तरी, बाजूला काढतात. ऑटोमोटिव्ह इलेक्ट्रॉनिक्स कौन्सिलच्या एईसी-क्यू001 या मार्गदर्शकात हे दिलेलं आहे. आपल्या उदाहरणात सहा सिग्माची हद्द 40.7 ते 43.4 येते. 35 ते 50 शी ताडून बघा.

एक अडचण नक्की येईल. मीटर मोजकेच अंक दाखवत असेल तर निम्म्याहून जास्त बोर्डांचा आकडा तोच येतो, अंतरांचा मध्यक शून्य होतो आणि जरा हललेला प्रत्येक बोर्ड अनंत सिग्मा दाखवतो. अशा वेळी सिग्माला खालची मर्यादा घाला. मी पायरी 4 मधला मोजमापाचा डोल त्या जागी ठेवते.

पायरी 6: किती बोर्ड उचलणार ते आधी ठरवा

नवशिके इथे हमखास अडकतात. सहा सिग्मा जास्त वाटतात म्हणून तीनवर येतात. हिशोब करा. टेकडी आदर्श आकाराची असेल तर चांगल्या बोर्डाचा आकडाही तीन सिग्माबाहेर जाण्याची शक्यता 0.27 टक्के. एका बोर्डावर 200 टेस्ट असतील आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर जवळजवळ 42 टक्के चांगले बोर्ड कुठल्या ना कुठल्या टेस्टमध्ये वेगळे दिसतील. शंभरातले बेचाळीस बोर्ड टेबलावर आणून ठेवलेत तर दुसऱ्या दिवसापासून प्रॉडक्शनचा सुपरवायझर तुमचं तोंडही बघणार नाही, आणि त्याचं चुकणार नाही.

सहापासून सुरुवात करा. त्यातूनही यादी मोठी आली तर सिग्मा उतरत्या क्रमाने लावून वरचे पाचच घ्या. दिवसाला पाच बोर्ड माणूस नीट तपासू शकतो.

पायरी 7: एकेकटे बरे, जोडीने विचित्र

पाच फूट उंचीचा माणूस विशेष नाही. अकरा नंबरची चप्पलही विशेष नाही. पाच फुटी माणसाच्या पायात अकरा नंबर दिसला तर मात्र आपण वळून बघतो. बोर्डांचंही असंच असतं. ज्याचा स्टँडबाय करंट थोडा जास्त, त्याचा पूर्ण लोडचा करंटही सहसा थोडा जास्त. एखाद्याचा स्टँडबाय सगळ्यात कमी आणि लोडचा सगळ्यात जास्त असेल तर दोन्ही आकडे आपापल्या हद्दीत असूनही तो बोर्ड संशयित.

सोपी पद्धत: दोन टेस्टचे ठिपके मांडा, एक्सेलकडून मधून जाणारी रेघ काढून घ्या, प्रत्येक ठिपक्याचं रेघेपासूनचं अंतर काढा आणि त्या अंतरांवर पायरी 5 चालवा. माझी निम्मी महत्त्वाची सापडणूक एवढ्यातच झाली आहे.

बऱ्याच टेस्ट एकदम घ्यायच्या असतील तर महालनोबिस अंतर वापरा: टेस्टचे आपसातले संबंध धरून बोर्ड घोळक्यापासून किती लांब आहे ते हे सांगतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ते 1936 मध्ये मांडलं. माणसांच्या शरीराच्या मापांची तुलना करता करता ते त्या वाटेला लागले होते, त्यामुळे चपलेचं उदाहरण अगदीच गैरलागू नाही. पण टेस्टच्या संख्येपेक्षा बोर्ड कितीतरी पट जास्त हवेत, आणि इथेही वेगळा बोर्ड गणित फुगवतोच, म्हणून त्याची मजबूत आवृत्ती वापरा. पायथॉनच्या सायकिट-लर्न या लायब्ररीत ती तयार आहे.

तिथेच आयसोलेशन फॉरेस्टही मिळेल, 2008 मधली पद्धत. दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभ्या असलेल्या एका माणसाला बाकीच्यांपासून वेगळं काढायला किती आडव्याउभ्या रेघा माराव्या लागतील? आणि प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला एकट्या उभ्या माणसाला? दोन-तीन पुरतील. ही पद्धत डेटावर अशाच आंधळ्या रेघा मारते आणि कमी रेघांत सुटा होणारा तो वेगळा, असं धरते. कामाची आहे. फक्त कोणत्या टेस्टमुळे बोर्ड वेगळा पडला हे ती सरळ सांगत नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून ती शेवटी शिका.

पायरी 8: बोर्ड हातात घ्या

यादी तयार झाली की खुर्ची सोडा. क्रम असा ठेवा: त्याच स्लॉटमध्ये परत टेस्ट, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग संशयित स्लॉटमध्ये गोल्डन बोर्ड. विसंगती बोर्डाबरोबर फिरली तर बोर्डात, स्लॉटपाशी राहिली तर जिगमध्ये.

एका जुलैत आमच्या लीकेज टेस्टचे, म्हणजे जिथून जाऊ नये तिथून झिरपणाऱ्या करंटच्या टेस्टचे, आकडे चढत गेले. वेगळे पडलेले बोर्ड बहुतेक तीन नंबरच्या स्लॉटचे. मी गणित मांडत बसले होते, तेवढ्यात लाइनवरच्या ताई म्हणाल्या, “मॅडम, तीन नंबरला बोर्ड काढताना चिकटल्यासारखा लागतो.” जिग उघडली तर पिनांभोवती फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंगच्या रसायनाचा, पिवळट थर होता. कोरड्या हवेत तो गप्प बसतो, मुंबईच्या पावसाळी दमटपणात ओल धरतो आणि त्यातून थोडासा करंट वाट काढतो. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने पुसल्यावर आकडे खाली आले. तेव्हापासून यादी छापली की मी आधी ती ताईंना दाखवते.

आणि तो 47.6 वाला? 5 व्होल्टच्या लाइनवर 5.55 मिलीॲम्पिअर जास्त, म्हणजे कुठेतरी साधारण 900 ओहमची चोरवाट. अशा वेळी मी पहिल्यांदा बोर्डाच्या कडेजवळचे सिरॅमिक कपॅसिटर बघते. पॅनेलमधून, म्हणजे एकत्र जोडलेल्या बोर्डांच्या पत्र्यातून, बोर्ड हाताने तोडताना कड वाकते आणि कपॅसिटरला आत तडा जातो. तडा बहुधा टोकाच्या धातूखाली असतो, भिंगातून कपॅसिटर अगदी साबूत दिसतो. करंट बघत बोर्डाची कड हलकेच दाबली आणि आकडा हलला तर तो कपॅसिटर काढून वेगळा मोजा. हा दोष टेस्टच्या दिवशी 5 मिलीॲम्पिअरचा असतो. पुढे तड्यात ओल शिरते, तो वाढत जातो, आणि बोर्ड ग्राहकाच्या घरी ऐन पावसाळ्यात बंद पडतो.

जे सापडेल ते लिहून ठेवा: सीरियल नंबर, कोणती टेस्ट, किती सिग्मा, प्रत्यक्षात काय निघालं. ‘काहीच निघालं नाही’ हेही लिहा. सहा महिन्यांत ही वही कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाची होते, कारण कोणत्या टेस्टची विसंगती खरी निघते आणि कोणती पोकळ, ते फक्त तिच्यातच असतं.

पायरी 9: हद्द रोज हलवू नका

रोजच्या डेटावरून रोज नवी हद्द काढली तर हळूहळू सरकणारा दोष कधीच दिसत नाही, हद्दही त्याच्या मागे मागे सरकते. एक तपासलेला, निरोगी लॉट पायाभूत धरा, त्याचा मध्यक आणि सिग्मा गोठवा, आणि पार्ट, सॉफ्टवेअर किंवा जिग बदलली तरच नव्याने काढा. लॉटची आपसातली तुलना आणि या गोठवलेल्या पायाशी तुलना, दोन्ही लागतात.

हे सरकणं पकडण्यासाठी वॉल्टर श्यूहार्टचा 1924 मधला कंट्रोल चार्ट अजूनही पुरेसा आहे. दर तासाचा मध्यक एका रेघेभोवती मांडत जा. ठिपके वर-खाली होत राहतील. सलग आठ ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले तर थांबा. नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता 128 मध्ये एक असते. असं झालं की आधी गोल्डन बोर्ड लावा. त्याचाही आकडा सरकला असेल तर मीटर, पिना, केबल बघा. तो जागच्या जागी असेल तर पार्टांचा लॉट कधी बदलला ते स्टोअरमध्ये विचारा.

आमच्याकडे हा चार्ट कागदावर, टेस्टरच्या शेजारी भिंतीला चिकटवलेला असतो आणि दर तासाचा ठिपका पेनाने ताईच मारतात.